लोकांनी निवडून दिलेला खासदार संसद दारातूनच परत पाठवू शकते का? हार्लेमच्या ॲडम क्लेटन पॉवेलची गोष्ट

जॉर्ज सँटोस हे नाव गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या बातम्यांमध्ये सारखं येतंय. न्यूयॉर्कचा हा खासदार शिक्षण, नोकरी सगळ्याबद्दल थापा मारून निवडून आला, १ डिसेंबर २०२३ ला सभागृहाने त्याला ३११ विरुद्ध ११४ मतांनी काढून टाकलं, पुढे सात वर्षांहून जास्त शिक्षा झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्पने ती माफ करून त्याला सोडूनही दिलं. हे सगळं वाचताना एक साधा प्रश्न पडतो. त्याच्या थापा तर शपथ घ्यायच्या आधीच पेपरात छापून आल्या होत्या, मग त्याला आत घेतलंच कशाला?

कारण तसं करता येत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येच ते सांगून ठेवलंय, आणि ते ज्या माणसाच्या केसमध्ये सांगितलं तो माणूस म्हणजे ॲडम क्लेटन पॉवेल ज्युनियर. देखणा, उंची सूट, तोंडात सिगार, तीन लग्नं, मासेमारीची बोट, रविवारी चर्चमध्ये प्रवचन आणि सोमवारी वॉशिंग्टनमध्ये भांडण. त्याच्याबद्दल बोलताना लोक एकतर त्याला हिरो करतात नाहीतर भ्रष्ट म्हणून निकालात काढतात. माझं म्हणणं असं की त्याने चुका केल्या होत्या हे खरं आणि त्याच्यावर अन्याय झाला हेही तितकंच खरं, आणि त्या अन्यायाचा मोठा वाटा त्याच्यापेक्षा त्याला मत देणाऱ्या लोकांच्या वाट्याला आला.

(अमेरिकेच्या संसदेचं खालचं सभागृह म्हणजे हाऊस, साधारण आपल्या लोकसभेसारखं. पुढे फक्त हाऊस म्हणतो.)

आधी हार्लेम समजून घ्या

पॉवेलचा जन्म १९०८ चा. वडील हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या, ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर, आणि हे चर्च म्हणजे हजारो काळ्या कुटुंबांचं केंद्र होतं. पोरगा इतका गोरा की कोलगेट युनिव्हर्सिटीत सुरुवातीला सगळ्यांना तो गोराच वाटला आणि त्यानेही तसंच वाटू दिलं. पण १९३० मध्ये डिग्री घेऊन हार्लेमला आला तेव्हा मंदी सुरू झालेली, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या. चर्चमध्ये लोकांना जेवण द्यायचं, कपडे, कोळसा वाटायचा, हे काम त्याने अंगावर घेतलं.

हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर मोठमोठी दुकानं होती, गिऱ्हाईक सगळं काळं आणि कामावर मात्र सगळे गोरे. त्यावर आंदोलन उभं राहिलं, सांगणं एकच, जिथे तुम्हाला नोकरी देत नाहीत तिथे खरेदी करू नका. पॉवेल त्यात पुढे होता. १९४१ मध्ये बसवर बहिष्कार झाला, लोक बसमध्ये चढेनात, शेवटी बस कंपन्यांनी काळे ड्रायव्हर आणि मेकॅनिक घ्यायचं कबूल केलं. दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरातला गाजलेला बस बहिष्कार १९५५ चा, म्हणजे हे त्याच्या चौदा वर्षं आधीचं. दरम्यान १९३७ मध्ये तो वडिलांच्या जागी पास्टर झाला होता, १९४१ मध्येच न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलवर निवडून आलेला पहिला काळा माणूस झाला, आणि १९४४ मध्ये हाऊसवर निवडून आला.

हाऊसमधलं जेवण

तो १९४५ मध्ये वॉशिंग्टनला पोचला तेव्हा हाऊसमध्ये काळे खासदार धरून दोन, दुसरे शिकागोचे विल्यम डॉसन. बाहेर शहरात भेदभाव होताच, पण संसदेच्या इमारतीतसुद्धा तो होता. खासदारांचं रेस्टॉरंट, न्हावी, जिम, पत्रकारांची गॅलरी, सगळीकडे काळ्यांनी जायचं नाही हा अलिखित नियम.

पॉवेलने काय केलं, तर भाषण वगैरे नंतर, आधी तो सरळ त्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसला. नुसता स्वतः नाही, आपल्या काळ्या स्टाफला आणि हार्लेमहून भेटायला आलेल्या मतदारांना घेऊन जायचा, सगळ्यांना टेबलावर बसवायचा आणि ऑर्डर द्यायचा. वेटर काय करणार, हा खासदार आहे. मिसिसिपीचे जॉन रँकिन म्हणून एक उघड वर्णद्वेषी खासदार होते, त्यांना पॉवेल शेजारी नको होता, तर हा मुद्दाम त्यांच्या जवळ जाऊन बसायचा. आता हे वाचताना हट्टीपणा वाटेल, पण विचार करा, त्या वेळी दक्षिणेत लाखो काळ्या लोकांना मतदानाला जाऊ देत नव्हते, आणि इथे एक माणूस देशाच्या संसदेत सगळ्यांसमोर म्हणत होता की मी इथे पाहुणा नाही.

भिडस्तपणा त्याच्या स्वभावातच नव्हता. १९४५ मध्येच त्याच्या बायकोला, हेझल स्कॉट ही नावाजलेली जॅझ पियानिस्ट, ती काळी म्हणून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये कार्यक्रम करू दिला नाही. हॉल ज्या महिला संघटनेचा होता तिच्या चहापार्टीला राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या बायको तरीही गेल्या, त्यावर पॉवेल त्यांच्याबद्दल जाहीरपणे इतकं बोचरं बोलला की ट्रूमनने त्याला व्हाइट हाऊसची दारं बंद केली.

कायद्यातलं त्याचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे 'पॉवेल अमेंडमेंट'. कुठल्याही विषयाचं बिल येऊ दे, त्यात तो एक ओळ घालायला बघायचा की जिथे वर्णभेद पाळतात तिथे केंद्राचा पैसा जाणार नाही. यामुळे त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले उदारमतवादी वैतागायचे, कारण ती ओळ आली की दक्षिणेचे खासदार अख्ख्या बिलाच्या विरोधात जायचे. १९५६ मध्ये शाळांना मदत देणारं बिल असंच पडलं. पण १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमध्ये, म्हणजे नागरी हक्कांच्या कायद्यात, हीच ओळ टायटल सिक्स म्हणून कायदा झाली, आणि नंतर दक्षिणेतल्या शाळा आणि हॉस्पिटलं सगळ्यांना खुली करायला त्याच कलमाचा जोर लागला.

चेअरमन म्हणजे नेमकं काय असतं

अमेरिकेत बिल आधी कमिटीकडे जातं, आणि त्या काळात कमिटीचा चेअरमन म्हणजे राजाच. तो सुनावणी लावेल तर बिल हलणार, नाही लावली तर तिथेच मेलं. आणि चेअरमन कोण होणार हे ठरायचं सीनियॉरिटीवर, म्हणजे कमिटीवर सगळ्यात जास्त वर्षं कोण आहे यावर. दक्षिणेत एकाच पक्षाचे लोक वर्षानुवर्षं निवडून यायचे, त्यामुळे बहुतेक चेअरमन तिकडचे. शिक्षण आणि कामगार कमिटीवर नॉर्थ कॅरोलायनाचे ग्रॅहॅम बार्डन बसले होते, ते निवृत्त झाल्यावर त्याच नियमाने १९६१ मध्ये नंबर लागला पॉवेलचा.

पुढची सहा वर्षं त्याने जे काम केलं ते त्याच्या बदनामीखाली झाकून गेलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. किमान वेतन वाढवणं, १९६४ चा गरिबी निर्मूलनाचा कायदा ज्यातून गरीब घरातल्या लहान मुलांसाठी हेड स्टार्ट ही योजना निघाली, १९६५ चा शाळांना केंद्राची मदत देणारा कायदा, व्यवसाय शिक्षण, कॉलेजच्या पोरांना कर्ज, हे सगळं त्याच्या कमिटीतून बाहेर पडलं. केनेडी आणि जॉन्सन यांच्या नावावर आपण जे वाचतो त्यातला मोठा हिस्सा पॉवेलच्या टेबलावरून गेलेला आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने १९६६ मध्ये त्याला तसं कौतुकाचं पत्रही लिहिलं होतं.

मग बिघडलं कुठे

बिघडलं, आणि त्यात त्याचा स्वतःचा हात होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारी खर्चाने परदेश दौरे करायचा, १९६२ मध्ये दोन महिला कर्मचाऱ्यांना घेऊन युरोपभर फिरला आणि पेपरवाल्यांनी ते उचलून धरलं. तिसरी बायको, इव्हेट, पोर्टो रिकोला राहायची पण ऑफिसच्या पगारपत्रकावर तिचं नाव, वर्षाला २०,५७८ डॉलर. मतदानाच्या दिवशी हजर नसणं तर नेहमीचंच, साहेब बहामाच्या बिमिनी बेटावर मासे पकडतायत.

त्यात एस्थर जेम्सची केस. १९६० मध्ये टीव्हीवर बोलताना पॉवेल म्हणाला की हार्लेममधली ही विधवा बाई जुगारवाल्यांचे पैसे पोलिसांना पोचवते. तिने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९६३ मध्ये ज्युरीने २,११,५०० डॉलरची भरपाई ठरवली, जी नंतर बरीच कमी झाली. पण पॉवेल पैसे देईना, कोर्टात येईना, मग कोर्टाच्या अवमानाचे वॉरंट निघाले. न्यूयॉर्कमध्ये दिवाणी वॉरंटवर रविवारी अटक करता येत नव्हती, त्यामुळे काही काळ हा आपल्याच मतदारसंघात फक्त रविवारी यायचा, चर्चमध्ये प्रवचन द्यायचा आणि रात्र व्हायच्या आत निघून जायचा. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, 'कीप द फेथ, बेबी', म्हणजे विश्वास सोडू नका, आणि लोक टाळ्या वाजवायचे. पण एका साध्या बाईला कोर्टाने दिलेला न्याय इतकी वर्षं अडवून ठेवणं हे मला त्याच्या सगळ्या चुकांमध्ये सर्वात वाईट वाटतं, दौऱ्यांपेक्षाही.

१ मार्च १९६७

नोव्हेंबर १९६६ मध्ये हार्लेमने त्याला पुन्हा निवडून दिलं. जानेवारी १९६७ मध्ये आधी त्याच्याच पक्षाने चेअरमनपद काढलं, दुसऱ्या दिवशी हाऊसमध्ये सगळे शपथ घेत असताना त्याला बाजूला थांबवलं आणि चौकशीला कमिटी नेमली. ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर त्या कमिटीचे प्रमुख. त्यांनी सांगितलं की पैशांचा गैरवापर झालाय, परदेशी चलनाचे खोटे हिशोब दिलेत, कोर्टाला जुमानलं नाही. पण शिफारस काय केली, तर त्याला आत घ्या, सगळ्यांसमोर निषेध करा, ४०,००० डॉलर दंड लावा आणि सीनियॉरिटी काढून घ्या.

हाऊसने ते ऐकलं नाही. १ मार्चला ३०७ विरुद्ध ११६ मतांनी ठराव केला की याला आत घ्यायचंच नाही, जागा रिकामी. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली आणि हार्लेमने ८६ टक्के मतं देऊन पुन्हा त्यालाच निवडलं. तो शपथ घ्यायला गेला नाही, कोर्टात गेला. हार्लेमला मात्र त्या पूर्ण टर्ममध्ये हाऊसमध्ये कोणी नव्हतं, दोन वर्षं. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, शहरांत दंगली, १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या, आणि देशातल्या काळ्या लोकांच्या सगळ्यात प्रसिद्ध वस्तीचं मत संसदेत नाही.

दारात अडवणं वेगळं, आतून काढणं वेगळं

आता मुख्य मुद्दा. समजा तुमच्या सोसायटीत प्रत्येक विंग आपला एक कमिटी मेंबर निवडते. नियमात लिहिलंय की मेंबर व्हायला फ्लॅट नावावर हवा आणि मेंटेनन्स थकलेला नको. बी विंगने एकाला निवडलं, दोन्ही अटी पूर्ण आहेत, पण बाकीची कमिटी म्हणते की हा पार्किंगमध्ये भांडतो, याने गेल्या वर्षीच्या गणपतीच्या हिशोबात घोळ घातला, आम्हाला हा चालणार नाही. त्यांचं म्हणणं खरं असेलही. पण त्यांनी नुसत्या बहुमताने त्याला दारात अडवलं तर बी विंगच्या मताला किंमत काय राहिली? उद्या आवडत नाही म्हणून कोणालाही अडवतील.

अमेरिकेच्या राज्यघटनेत हाऊसचा मेंबर व्हायला तीनच अटी आहेत. वय २५ पूर्ण, सात वर्षं नागरिक, आणि ज्या राज्यातून निवडून आला तिथला रहिवासी. पॉवेल तिन्हीत बसत होता, त्याबद्दल कोणाचा वादही नव्हता. १६ जून १९६९ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ असा निकाल दिला की या तीन अटींच्या पलीकडे हाऊस स्वतःची चौथी अट घालू शकत नाही. मेंबरला आतून काढता येतं, पण ती वेगळी वाट आहे आणि तिला दोन तृतीयांश मतं लागतात. मुद्दाम अवघड ठेवलेली वाट.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात इंग्लंडचा जुना इतिहास काढला. जॉन विल्क्स म्हणून एक बदनाम पण लोकप्रिय नेता होता, १७६९ मध्ये मिडलसेक्सचे लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडायचे आणि पार्लमेंट पुन्हा पुन्हा नाकारायची. शेवटी १७८२ मध्ये पार्लमेंटने आपलेच ते ठराव रेकॉर्डवरून काढले. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांना हे ताजं आठवत होतं म्हणून त्यांनी अटी घटनेतच पक्क्या केल्या, असं वॉरन यांचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट. केसचं नाव 'पॉवेल विरुद्ध मॅकॉर्मॅक', मॅकॉर्मॅक म्हणजे हाऊसचे स्पीकर. पण खासदारांवर त्यांच्या सभागृहातल्या कामासाठी दावा लावता येत नाही, त्यामुळे कोर्टाने स्पीकरना केसमधून वगळलं आणि दावा उरला तो कर्मचाऱ्यांवर, म्हणजे पगार अडवणारा अधिकारी, क्लार्क आणि अक्षरशः दारावरचा डोअरकीपर ज्याने आत सोडलं नाही. वरच्यांचा हुकूम होता म्हणून घटनाबाह्य गोष्ट चालवून घेता येत नाही, हे त्यातून ठरलं, आणि मला हा भाग निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

"पण ३०७ म्हणजे दोन तृतीयांशच्या वरच झाले की"

हा आक्षेप एकदम बरोबर आहे आणि हाऊसच्या वकिलांनी तो घेतलाही. ४२३ पैकी ३०७, आकडा पुरेसा आहे. मग त्यालाच हकालपट्टी का नाही धरायचं?

कोर्टाचं उत्तर असं की मतदान कशावर झालं ते बघा. स्पीकरने आधीच सांगितलं होतं की साधं बहुमत पुरेल. शिवाय आधीच्या टर्ममधल्या वागणुकीसाठी नव्या टर्ममध्ये मेंबरला काढता येतं का याबद्दल हाऊसच्याच मनात जुनी शंका होती. प्रश्न 'याला काढायचं का' असा असता तर तेच ३०७ तसेच पडले असते असं कोणी सांगू शकत नाही. एका प्रश्नावर दिलेलं मत दुसऱ्या प्रश्नाला चिकटवता येत नाही.

"मग गडबड करणाऱ्याला मोकळं सोडायचं?"

नाही ना. दंड आहे, निषेध आहे, चेअरमनपद काढणं आहे, फौजदारी कोर्ट आहे, आणि दोन तृतीयांशने हकालपट्टीही आहे. सँटोसला नेमकं तसंच काढलं, आधी शपथ, मग एथिक्स कमिटीची चौकशी, मग मतदान. हाऊसच्या सगळ्या इतिहासात असे सहाच जण काढलेत, त्यातले तीन १८६१ च्या यादवीत दक्षिणेच्या बाजूने गेलेले.

पॉवेलला शिक्षा झालीच. १९६८ ला पुन्हा निवडून आल्यावर जानेवारी १९६९ मध्ये हाऊसने त्याला आत घेतलं, पण २५,००० डॉलर दंड लावून आणि २२ वर्षांची सीनियॉरिटी पुसून.

त्याच्या जागी गोरा असता तर?

हार्लेममध्ये तेव्हा प्रत्येक जण हेच विचारत होता. त्याच १९६७ च्या जून महिन्यात सिनेटर थॉमस डॉड यांच्यावर प्रचाराचा पैसा स्वतःसाठी वापरल्याचं सिद्ध झालं. सिनेटने ९२ विरुद्ध ५ मतांनी निषेध केला, पण जागा शाबूत, सीनियॉरिटी शाबूत. डॉड गोरे होते. गोऱ्यांनाही दारात अडवल्याची उदाहरणं आहेत, मिलवॉकीचे समाजवादी व्हिक्टर बर्गर यांना १९१९ आणि १९२० असं दोनदा नाकारलं, पण तिथेही कारण त्यांचे विचार होते. म्हणजे ही पळवाट उघडी असली की ती वापरली जाते बहुमताला न आवडणाऱ्या माणसावर. ३०७ मधला प्रत्येक जण वर्णद्वेषी होता असं मी म्हणणार नाही, पण स्वतःच्याच कमिटीने सुचवलेली कडक शिक्षा बाजूला ठेवून त्याहून टोकाची गोष्ट केली, याचं दुसरं पटणारं कारण मला तरी सापडत नाही.

आपल्याकडे काय नियम आहे

आपल्याकडे हकालपट्टीला दोन तृतीयांश लागत नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदार काढले, त्यात जळगाव आणि एरंडोलचेही होते, आणि २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने संसदेचा तो अधिकार मान्य केला. पण महाराष्ट्र विधानसभेने जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने ते रद्द केलं. अधिवेशनापलीकडचं निलंबन हकालपट्टीपेक्षा वाईट, कारण जागा रिकामी धरत नाहीत म्हणून पोटनिवडणूकही होत नाही आणि मतदारसंघ आवाजाविना राहतो, असं कोर्ट म्हणालं. हार्लेमचं दुखणं हेच होतं.

शेवटी त्याला काढलं कोणी

हार्लेमने. केस जिंकल्यावर पॉवेल बदलला नाही, आजारी होता, बिमिनीलाच जास्त असायचा, हाऊसमध्ये क्वचित. लोकांनी वाट बघितली आणि जून १९७० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, चार्ल्स रँगल नावाच्या तरुण वकिलाने त्याला जेमतेम १५० मतांनी हरवलं. जे ३०७ खासदारांना योग्य रीतीने जमलं नाही ते त्याच्याच लोकांनी मतपेटीतून केलं. ४ एप्रिल १९७२ ला तो मायामीत कॅन्सरने गेला, ६३ वर्षांचा होता.

रँगल त्या जागेवर २०१७ पर्यंत राहिले. २०१० मध्ये त्यांच्यावरही कर आणि देणग्यांचे आरोप आले, प्रायमरीत पॉवेलचाच मुलगा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि हरला. नोव्हेंबरमध्ये हार्लेमने रँगलना पुन्हा निवडून दिलं, डिसेंबरमध्ये हाऊसने ३३३ विरुद्ध ७९ मतांनी त्यांचा निषेध केला, त्यांना सभागृहात उभं राहून तो ऐकावा लागला, आणि जानेवारीत त्यांनी बाकी सगळ्यांसारखीच शपथ घेतली.